वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका: मुलांसाठी माउंटन बाइक निवडताना या चुका टाळा

शाळेचा गणवेश घेताना आपण सगळेच दुकानदाराला सांगतो, "जरा वाढत्या अंगाचा द्या." पँटची खालची पट्टी आत दुमडून शिवता येते, बाह्या वर करता येतात, दोन वर्षं निघतात. तीन वर्षांपूर्वी मुलीसाठी गिअरची सायकल, म्हणजे माउंटन बाइक, घ्यायला गेलो, तेव्हा माझ्या तोंडून तेच वाक्य गेलं. तिला नुकतंच नववं लागलं होतं, उंची १३१ सेंटिमीटर. दुकानदार म्हणाला, "साहेब, वीस इंची चाकाची वर्षात लहान होईल. चोवीसची घेऊन टाका, दहावीपर्यंत बघायला नको." मला पटलं, घेतली.

ठाण्यातल्या पोखरण रोडवरच्या आमच्या सोसायटीत ती सायकल पहिले दोन आठवडे रोज खाली उतरली. मग फक्त रविवारी. मग तीही उतरेना. "बाबा, थांबताना भीती वाटते," एवढंच ती म्हणायची आणि मी म्हणायचो, सवय होईल. एका संध्याकाळी उपवन तलावापाशी कुत्रं आडवं आलं. तिने ब्रेक दाबला, सीटवरून पुढे घसरली आणि पाय जमिनीला टेकायच्या आत मधली दांडी जोरात लागली. घरी आल्यावर मी टेप काढली. तिच्या पायांची आतली लांबी ५९ सेंटिमीटर भरली. दांडी जमिनीपासून ६४ वर होती. तिची भीती खरी होती आणि ती सेंटिमीटरमध्ये मोजता येत होती. ती मोजायला मला सहा महिने लागले, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून रविवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांच्या सायकली मी बघून देतो. ॲलन कीचा जुडगा, एक पाना, चेनचं तेल आणि जुनं बनियन एवढ्यावर बहुतेक कामं होतात. पण निम्म्या तक्रारी पान्याने सुटणाऱ्या नसतात, कारण चूक सायकल घेतानाच झालेली असते.

चाकाचं माप म्हणजे सायकलचं माप नव्हे

लहान मुलांच्या सायकली चाकाच्या इंचावर विकल्या जातात: १६, २०, २४, मग २६ आणि पुढे मोठ्यांच्या २७.५ आणि २९. ढोबळमानाने ११५ ते १३० सेंटिमीटर उंचीला २० इंची, १३० ते १४५ ला २४ इंची आणि त्यापुढे लहान फ्रेमची २६ इंची बसते. पण हे ढोबळच. एकाच दुकानात शेजारी उभ्या असलेल्या तीन २४ इंची सायकलींच्या दांड्या मी मोजल्या आहेत. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या दांडीत सहा सेंटिमीटरचा फरक निघाला. एक माझ्या मुलीला तेव्हाही जमली असती. तिची दांडी मागच्या बाजूला उतरती होती.

खोक्यावर "७ ते ११ वर्षे" असं लिहिलेलं असतं, त्याच्याकडे बघूच नका. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक सहज असतो. त्यातून मुलींची झपाट्याची वाढ साधारण दहा ते बाराच्या दरम्यान सुरू होते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. अकरा वर्षांची बहीण आणि बारा वर्षांचा भाऊ असेल तर मोठी सायकल बहिणीला लागेल, असंही होतं.

माप घरीच घ्या, दुकानात जायच्या आधी. मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभं करा. पावलांत वीतभर अंतर. पुठ्ठ्याच्या बांधणीचं एखादं पुस्तक, पुठ्ठ्याची कड वर ठेवून, मांड्यांच्या मधून वर सरकवा, खरोखर सीटवर बसल्यासारखं लागेल इतकं वर. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि जमिनीपासून ती मोजा. हा आकडा उंचीपेक्षा महत्त्वाचा. दुकानात टेप घेऊन जा आणि दांडीची उंची, जिथे मूल सीटच्या पुढे उतरून उभं राहील तिथली, स्वतः मोजा. पायांच्या मापापेक्षा ती निदान चार-पाच सेंटिमीटर खाली हवी. साध्या रस्त्याला दोन-तीन चालतात, पण खड्ड्यात एक पाय गेला तर तेवढी जागा पुरत नाही.

मग मुलाला बसवा. गिअरची सायकल पहिल्यांदाच चालवणाऱ्याचे दोन्ही चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. सरावलेल्याची फक्त बोटं टेकली तरी चालतं. हँडल पकडल्यावर कोपर किंचित वाकलेलं दिसायला हवं. हात काठीसारखे ताठ झाले तर सायकल लांब आहे. हँडल पूर्ण वळवून बघा, गुडघ्याला लागता कामा नये. एवढं झाल्यावर पार्किंगमध्ये आठचा आकडा काढायला सांगा. मापाची सायकल असेल तर मूल पाय न टेकता आठ काढतं. मोठी असेल तर प्रत्येक वळणावर खांदे आखडतात. पाच मिनिटांत कळतं.

आता पैशाचा मुद्दा, कारण "वाढत्या अंगाची" मागण्यामागे खरं कारण तेच असतं आणि ते चुकीचं नाही. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. त्यातले निम्मे पायांत धरले तर वर्षाला सीट तीनेक सेंटिमीटर वर जाणार. सीटची नळी दहाएक सेंटिमीटर वर घेता येते. म्हणजे आज मापाला घेतलेली सायकल अडीच-तीन वर्षं चालते. वाढीची सोय सीटच्या नळीत आधीच आहे, ती आणखी वरून घ्यावी लागत नाही.

दिसायला दणकट

मुलांना जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असं हवं असतं. मुलांचं चुकत नाही, ती सायकल दिसतेच तशी. पण ती घरी आणल्यावर एकदा वजनकाट्यावर चढा: आधी नुसते, मग सायकल उचलून. वजाबाकी केलीत की सायकलचं वजन मिळेल. स्वस्तातली, शॉकअपवाली २४ इंची लोखंडी सायकल १६ किलोच्या आसपास भरते. मूल २९ किलोचं असेल तर त्याच्या निम्म्याहून अधिक. ७० किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात सायकल द्यायची तर ती साधारण ३९ किलोची होईल, म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जड. ती घेऊन ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराची चढण चढायला आपल्याला कुणी सांगितलं तर आपण जाऊ का? पोर मात्र अर्ध्यात उतरलं की आपण म्हणतो, दम नाही.

शॉकअपची परीक्षा सोपी आहे. मुलाला सायकलवर बसवा आणि पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीकडे बघा. मुलाच्या वजनाने ती थोडी आत गेली पाहिजे, एकूण हालचालीच्या पाचव्या भागाइतकी तरी. स्वस्त शॉकअपमधली स्प्रिंग इतकी कडक असते की ३० किलोचं मूल बसल्यावर ती हलतही नाही. मग तो शॉकअप म्हणजे नुसतं ओझं. मागचा शॉकअप तर या किमतीत घेऊच नका, पायडल मारताना बराच जोर तिथेच जिरतो. ठाण्यात-नवी मुंबईत बहुतेक मुलं पेव्हर ब्लॉकवर, सर्व्हिस रोडवर, फार तर खारघरच्या टेकडीच्या किंवा पारसिक हिलच्या डांबरी चढावर जातात. त्याला साधा पक्का फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि दोन इंच रुंद टायर भरपूर झाले. हादरे शोषायचं काम टायरमधली हवा करते.

आणि ती हवाच चुकीची भरलेली असते. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून "कडक" होईपर्यंत भरतो. टायरच्या कडेला छापलेला वरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, भरायचं माप नव्हे. तीसेक किलोच्या मुलाच्या दोन इंची टायरला २५ ते ३० पीएसआय (पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा) पुरे. साठवर सायकल प्रत्येक दगडावर उडते आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर घसरते.

गिअर आणि ब्रेक

एकवीस गिअर सातांपेक्षा चांगले, हा समज दुकानात सगळ्यांत जास्त ऐकू येतो. पुढच्या तीन चक्रांसाठी मुलाला डाव्या अंगठ्याने जोर लावावा लागतो, आणि नऊ-दहा वर्षांच्या अंगठ्यात तो नसतो. पुढे मोठं आणि मागेही मोठं चक्र लावून मुलं सायकल हाकतात, चेन तिरकी ताणली जाते, खडखडते, उतरते. पुढे एकच चक्र आणि मागे सात किंवा आठ हे मुलांसाठी उत्तम. दुकानात मागचं चाक उचलून धरा, पायडल फिरवा आणि मुलाला स्वतः गिअर बदलू द्या.

नवीन सायकलचे गिअर महिन्याभरात घसरायला लागले तर घाबरू नका. केबल बसते, थोडी सैल होते. मागच्या गिअरपाशी केबल जिथे शिरते तिथे बोटाने फिरणारी गोल घुंडी असते. ती अर्धा फेरा बाहेरच्या दिशेने फिरवून बघा. पण सायकल उजव्या अंगावर पडल्यानंतर गिअर बिघडले असतील तर गोष्ट वेगळी. मागचा गिअर ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या कानाला लटकतो तो आत वाकलेला असतो. मागून, चाकाच्या रेषेत डोळा लावून बघा: गिअरच्या दोन लहान चकत्या चाकाला समांतर दिसल्या पाहिजेत. तिरक्या असतील तर सर्वांत हलक्या गिअरवर तो गिअर आरांमध्ये अडकून चाक जागच्या जागी थांबतं. तोवर सायकल चालवू देऊ नका, मेकॅनिककडे न्या. सायकल आडवी ठेवायची तर डाव्या अंगावर, ही सवय मुलाला पहिल्याच दिवशी लावा.

ब्रेकच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. मुलाला ब्रेक पोचला नाही तर सायकल कितीही छान असो, ती त्याची नाही. दोन्ही हात मुठीवर ठेवून बोटं लांब करायला सांगा. पहिलं पेर ब्रेकच्या पट्टीवर आरामात पडायला हवं. पडत नसेल तर बहुतेक पट्ट्यांना मुठीजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की पट्टी हँडलकडे सरकते. दोन मिनिटांचं हे काम, पण आमच्याकडे आलेल्या बहुतेक सायकलींवर ते कुणी केलेलंच नसतं. नंतर ब्रेक पूर्ण दाबून बघा, पट्टी मुठीला टेकायच्या आधी चाक थांबलं पाहिजे.

डिस्क आहे म्हणून ब्रेक चांगला असं नाही. केबलची स्वस्त डिस्क वारंवार जुळवावी लागते, नीट लावलेला साधा व्ही-ब्रेक (चाकाच्या कडीला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा) मुलांना हलका जातो. डिस्क खरखरते म्हणून आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका वडिलांनी तिच्यावर तेलाचा स्प्रे मारला. आवाज थांबला आणि ब्रेकही. पॅड तेल प्यायले, बदलावेच लागले. खरखर आली तर कॅलिपरचे, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट किंचित सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि दाबलेला असतानाच बोल्ट आवळा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

येऊरहून उतरताना मुलं ब्रेक धरूनच ठेवतात. माउंटन बाइक जिथे घडली त्या कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली उताराच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा जुन्या सायकलींच्या मागच्या हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) ब्रेक एका उतारात इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं. खाली आल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच "रिपॅक", म्हणजे पुन्हा भरणं, पडलं. आपल्या मुलांच्या ब्रेकची तेवढी वेळ येत नाही, पण हात मात्र थकतात आणि खालच्या वळणावर बोटांत जोर उरत नाही. दाबून सोड, दाबून सोड, दोन्ही ब्रेक बरोबर, हे आधी सोसायटीच्या रॅम्पवर घोटून घ्या. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर आहे. मूल बरोबर असेल तर चांगलं उजाडल्यावर, डांबरी रस्त्यावरच.

खोक्यातून आलेली सायकल

ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते आणि उरलेलं आपण जोडतो. इथे दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की मी आधी तिथेच बघतो. पहिली, पुढचा फोर्क उलटा. सायकल चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण वळताना पाय चाकाला लागतो आणि हँडल उगाच भिरभिरतं. पुढच्या डिस्कचा कॅलिपर स्वाराच्या डाव्या हाताला आणि फोर्कच्या मागे हवा. उजवीकडे पुढे दिसला तर फोर्क उलटा आहे. दुसरी, पायडल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पायडलांच्या दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं. जबरदस्तीने फिरवलं की क्रँकचे (पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे जातात आणि मग क्रँकच बदलावी लागते. आधी बोटांनी दोन-तीन फेरे सहज गेले तरच पाना लावा.

सायकल लहान झाली हे मूल सांगत नाही. ते गुडघे दुखतात म्हणतं, किंवा चढावर उगाच उभं राहून पायडल मारतं. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला हवा. जास्त वाकत असेल तर सीट वर घ्या. दर तीन महिन्यांनी, शाळेच्या चाचणीसारखं, एकदा बघाच. सीटच्या नळीवर कमाल मर्यादेची रेघ असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसायला लागली की तिथे थांबायचं, नाहीतर नळी वाकते किंवा फ्रेम चिरते. ही उंची बदलत राहिली नाही तर आपल्या पावसाळ्यात, आणि खाडीकाठी वाशी-सीवूड्सकडे तर हमखास, नळी आत गंजून चिकटते. मे महिन्यात ती एकदा पूर्ण बाहेर काढून पुसा आणि ग्रीसचा पातळ हात मारा.

माझ्या मुलीची ती चोवीस इंची मी विकली नाही. साफ करून, प्लास्टिक घालून जिन्याखाली ठेवली आणि वरच्या मजल्यावरच्या मुलाची, त्याला लहान झालेली २० इंची तिला आणली. फक्त ब्रेक पॅड आणि ट्यूब बदलल्या. त्या सायकलवर ती पहिल्याच आठवड्यात एका हाताने चालवायला शिकली. पायांचं माप ६९ झालं तेव्हा जिन्याखालची बाहेर काढली. वीसची आता ए विंगमधल्या सात वर्षांच्या मुलीकडे आहे, सीट अगदी खाली.