कोनाडा सजवायचा तर आधी रिकामा करा

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत एखादा तरी कोनाडा सापडतोच. पूर्वी तिथं चिमणी, पणती, आगपेटी असायची. आता चार्जर आणि विजेची बिलं. ते सगळं आधी काढा.

मग भिंत बघा. आपल्याकडचा पाऊस भिंतीत मुरतो. वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून आत चिकटवा नि दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं, तर ओल आतून येतेय. सजावट दिवाळीनंतर करा. मातीच्या भिंतीला चुनाच बरा. ऑइलपेंट ओल कोंडतो, पोपडे सुटतात.

आता घरभर हिंडून वस्तू जमवा आणि चटईवर मांडा. "हे काय ओ?" असं पाहुण्यानं विचारल्यावर जिच्याबद्दल दोन वाक्यंही सुचत नाहीत, ती बाजूला. आमच्याकडे या चाळणीत लाफिंग बुद्ध गळाला, आजीचं पितळी मापटं राहिलं. सोबतीला खानापूरच्या कुंभाराकडचं बोळकं आणि गोकाकची रंगीत लाकडी फळं. ही फळं असतील तर तिथं पणती लावू नका, रंग जातो.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे इथल्या अनेक घरांत एखादं पदक ट्रंकेत पडून असतं. ते जरूर काढा, पण चिंच लावू नका. मापट्याला चिंच-मीठ चालतं. पदकावरची अक्षरं घासून झिजतात. मऊ कोरडं फडकं पुरे. रिबन उन्हात विटते, म्हणून ते खिडकीसमोरच्या कोनाड्यात नको.

जुना फोटो असेल तर त्याची प्रत फ्रेम करा, मूळ फोटो कपाटात ठेवा. दमट हवेत फोटो काचेला चिकटतो, मग सोडवताना चेहराच निघून येतो. आमच्या एका लग्नाच्या फोटोत आता नवरदेव नाही.

मांडताना सर्वांत उंच वस्तू मागे, पण मधोमध नको. मधोमध ठेवली की देव्हारा वाटतो आणि कुणीतरी हळदकुंकू वाहतंच. पुढे बुटक्या वस्तू, एक बाजू मोकळी. चार-पाच वस्तूंवर जाऊ नका.

मृगाच्या आधी कापडी, कागदी सगळं उतरवा. माती-पितळ राहू द्या. आमच्या मापट्यात आईनं परवापासून किल्ल्या टाकायला सुरुवात केलीय. मी काढत नाही.