आधी ओळंबा, मग काडतुसं

नेमबाजीच्या लांबच्या रेंजवर जायचं ठरलं की पहिलं काम म्हणजे ओळखीच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणणं. चटई, काडतुसं, डबा हे सगळं नंतर. रायफल सरळ आहे की कललेली, हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. डोळा समोर दिसणारी कुठलीतरी रेघ धरून चालतो, आणि ती रेघच तिरपी असेल तर आपणही तिच्यासारखे तिरपे होतो. मी एकदा रायफलीवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवताना त्यातली उभी रेघ आमच्या जुन्या माळवदाच्या घराच्या चौकटीशी जुळवली होती. पुढे ६०० मीटरला प्रत्येक ग्रुप, म्हणजे एकाच नेमानं झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका, चार बोटं डावीकडे जायचा. सहा महिने मी वाऱ्याला दोष दिला. शेवटी चौकटीला ओळंबा लावला, तेव्हा कळलं की चौकटच ढळलेली होती.

कशानं काय होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे यादीतलं काही गाळावंसं वाटणार नाही. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. म्हणून नळीचा रोख आपण नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवतो. रायफल उजवीकडे कलली की हा ‘वर’सुद्धा उजवीकडे कलतो आणि गोळी उजवीकडे, जराशी खाली लागते. एक अंशाच्या कलाला गोळीच्या दर मीटर पडण्यामागे पावणेदोन सेंटिमीटर, एवढा हिशेब पाठ ठेवा. .२२ या लहान काडतुसाची गोळी ५० मीटरला साधारण १२ सेंटिमीटर पडते, म्हणजे पाच अंश कललात तर एक सेंटिमीटर गेलं. तिथल्या दहाच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर आहे. .३०८ या मोठ्या काडतुसाची गोळी ९०० मीटरला दहा मीटरच्या आसपास पडते. तिथे एकाच अंशाला सतरा सेंटिमीटर जातात.

काही जण म्हणतील, मोठमोठे नेमबाज उभ्या पोझिशनमध्ये रायफल मुद्दाम कलती धरतात, त्याचं काय? खरं आहे, आणि ते चूकही नाही. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं कांस्य आणलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून) अंतर एकच असतं. दर वेळी तेवढाच कल राखला तर साइट त्यालाच जुळवून घेता येते. तिथे जपायचं ते सातत्य. पण तुम्ही १०० मीटरला झिरो करून, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवून, ३००, ६००, ९०० ला टरेट (स्कोपवरची नेम वर-खाली करायची चकती) फिरवणार असाल, तर हे चालत नाही. टरेटची प्रत्येक क्लिक, म्हणजे एकेक खटका, कललेल्या रेषेवरून वर चढते, आणि अंतर वाढेल तशी चूकही वाढते.

आता बसवणी. पहाटे, वारा सुटायच्या आधी, २५-३० मीटरवर पांढरी दोरी टांगा आणि ओळंबा पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवा, म्हणजे झोके थांबतात. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, चेंबर (काडतूस बसायची जागा) बोट घालून तपासलेलं. स्कोपमधून बघत उभी रेघ दोरीवर अगदी मिसळून बसेपर्यंत स्कोपचं नळकांडं फिरवा. स्कोप धरणाऱ्या रिंगचे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली की स्कोप हमखास फिरतो. किती आवळायचं तो आकडा माउंट बनवणाऱ्याचाच माना. रायफलच्या वरच्या पट्टीपेक्षा स्कोपची रेघ ओळंब्याला असणं जास्त महत्त्वाचं. स्कोप नळीच्या पाच सेंटिमीटर वर असेल आणि रेघ सरळ राहून खाली रायफल तीन अंश कलली, तरी ९०० मीटरला जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. रेघ दोरीवर असतानाच स्कोपवरची छोटी पाणसळ बुडबुडा मध्यावर आणून घट्ट करा. आवळल्यावर रेघ पुन्हा बघा.

मग कागदावरची परीक्षा, जी बहुतेक जण टाळतात. सव्वा मीटर उंच कागदावर ओळंब्यानं उभी रेघ मारा, तळाशी ठिपका काढा, आणि १०० मीटरवरून बुडबुडा मध्ये ठेवून तीन गोळ्या झाडा. नेम त्याच ठिपक्यावर ठेवून टरेट १० मिल (एक मिल म्हणजे १०० मीटरला दहा सेंटिमीटर) वर न्या आणि आणखी तीन झाडा. दुसरा ग्रुप बरोबर एक मीटर वर, रेघेवरच हवा. पावणेदोन सेंटिमीटर बाजूला गेला तर एक अंशाची चूक शिल्लक आहे; पुन्हा बसवा.

आता प्रवास. संभाजीनगरहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. तेवढ्या हादऱ्यांत स्क्रू ढिले होतात. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा. पोचल्यावर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू हलला आहे. रायफल बंद पेटीत, काडतुसं वेगळी, परवान्याची मूळ प्रत अंगावरच्या पिशवीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेटी गाडीत तापत ठेवू नका. उष्णतेनं पाणसळीतलं द्रव फुगतं आणि बुडबुडा लहान होतो, मग तो दोन रेघांच्या मध्ये आहे की नाही हे ओळखायला जड जातं.

रेंजवर समोरचा मातीचा बांध, टार्गेटची चौकट, मागच्या डोंगराची उतरण यांतल्या कशाशीही रेघ जुळवू नका. बालाघाटाच्या उतारावर वाढलेल्या माणसाला उतारसुद्धा सपाट वाटतो. बायपॉडचे (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूचे) पाय जमिनीप्रमाणे कमी-जास्त करा. भेगाळलेल्या काळ्या रानात एक पाय हळूच खचतो, त्याच्याखाली फळीचा तुकडा द्या. रायफल मनगटानं पिळून सरळ धरलीत तर घोडा ओढताच ती परत फिरते. म्हणून आडवं झाल्यावर गाल टेकवा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडून आधी बुडबुडा बघा. तो सरकला असेल तर कोपर, दस्त्याखालची बॅग किंवा गालाचा दाब बदला, मनगट नाही. प्रत्येक गोळीला क्रम हाच: नेम, बुडबुडा, परत नेम, घोडा. आणि उठण्याआधी टरेट झिरोवर आणून वहीत त्या दिवशीचं अंतर, क्लिक आणि डावी-उजवी चूक लिहून ठेवा.