ट्रॅव्हल ट्रेलरचा वॉटर हीटर पहिल्यांदा सुरू करताय? या चुका टाळा

घरचा गीझर बसवला की त्याची टाकी कायम भरलेली असते, त्यामुळे बटण दाबताना आपण विचार करत नाही. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. त्याच्या हीटरचं तसं नसतं. थंडीत पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून ती हंगामाच्या शेवटी रिकामी केली जाते आणि पुढच्या सहलीपर्यंत कोरडीच राहते. सवयीने बटण दाबलं जातं ते नेमकं या कोरड्या टाकीवर. म्हणून नवशिक्यांनी एकच क्रम पक्का धरावा: आधी पाणी, मग वीज किंवा गॅस.

कोरड्या टाकीत कॉइल चालू करणं

विजेवर चालणारी कॉइल पाण्यात बुडालेली असेल तरच टिकते. तिची उष्णता पाणी ओढून घेतं. भोवती नुसती हवा असेल तर ती बघता बघता जळते, आणि जळल्याचा आवाजही येत नाही. तासाभराने नळाला गारच पाणी आलं की मग कळतं. पुष्कळ हीटरना कॉइलची दोन बटणं असतात: एक आतल्या पॅनेलवर, दुसरं बाहेरच्या झाकणामागे बर्नरजवळ. ट्रेलरला बाहेरची वीज जोडण्यापूर्वीच दोन्ही बंद आहेत ना ते बघा. आधीच्या माणसाने बटण चालू ठेवलेलं असेल तर वायर जोडताक्षणी कॉइल तापायला लागते.

‘गरम’ नळाला पाणी आलं म्हणजे टाकी भरली, असं समजणं

सगळ्यात फसवी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हंगाम संपताना नळांमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारा द्रव, भरतात. ते टाकीत जाऊन वाया जाऊ नये म्हणून बायपास लावतात, म्हणजे थंड पाण्याची लाइन टाकीला वळसा घालून थेट गरम लाइनला जोडतात. हा बायपास तसाच राहिला तर गरम नळ उघडल्यावर पाणी छान धारेने येतं. आपण निश्चिंत होतो. टाकीत मात्र एक थेंबही गेलेला नसतो.

त्यामुळे आधी बायपास असतानाच सगळे नळ सोडून गुलाबी रंग पूर्ण जाऊ द्या. मग बायपास काढा. तीन व्हॉल्व्हची रचना असेल तर टाकीत जाणाऱ्या आणि टाकीतून येणाऱ्या पाइपांवरचे व्हॉल्व्ह उघडे हवेत आणि मधला बंद. दांडी पाइपच्या दिशेत असली की व्हॉल्व्ह उघडा, आडवी असली की बंद. काही ट्रेलरमध्ये एकच किंवा दोनच व्हॉल्व्ह असतात, तिथे माहितीपुस्तिकेतली आकृती बघूनच हात लावा.

आता बाहेर जाऊन टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग (पाणी काढून टाकायचं बूच) घट्ट आहे ना आणि वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी मिटलेली आहे ना ते तपासा. पंप किंवा होसपाइप सुरू करून गरम नळ उघडा. बायपास नीट निघाला असेल तर नळ आधी फुरफुरतो, हवा ओकतो आणि टाकी भरल्यावरच त्याला सलग धार लागते. बऱ्याच ट्रेलरच्या टाकीत सुमारे 22 लिटर पाणी मावतं, तेव्हा घाई नको. फुरफुर न होता लगेच धार आली तर बायपासकडे परत जा. तरीही शंका असेल तर टाकी गार असताना सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी क्षणभर उचला. पाणी बाहेर आलं म्हणजे टाकी भरली.

गॅसची घाई

सिलिंडर हळूहळू उघडा. झटक्यात उघडला तर गळती रोखणारी यंत्रणा गॅसचा प्रवाह आवळून धरते आणि बर्नर पेटत नाही. बरेच दिवस बंद असलेल्या गॅस लाइनमध्ये हवा साचलेली असते, म्हणून आधी आतली शेगडी पेटवून घ्या. तिची ज्योत स्थिर झाली की मग हीटर चालू करा. हीटर आपोआप ठिणगी टाकतो, काही प्रयत्न फसले की स्वतःच थांबतो आणि पॅनेलवर लाल दिवा लागतो. बटण बंद करून थोडं थांबा आणि पुन्हा चालू करा. दोन-तीनदा करूनही पेटला नाही तर बटण दाबत बसू नका, कारण शोधा.

बहुतेक वेळा कारण बर्नरच्या नळीत असतं. कोळी आणि गांधीलमाशा तिथे हमखास घर करतात, आणि जाळ्याचा एक पापुद्राही हवा अडवायला पुरतो. ज्योत निळी हवी. पिवळी, आळशी ज्योत किंवा काजळी दिसली तर हीटर बंद करून नळी साफ करा. गॅसवरच्या हीटरलाही ठिणगी आणि कंट्रोल बोर्डासाठी 12 व्होल्टची बॅटरी लागते. ती उतरली असेल तर सिलिंडर भरलेला असूनही बर्नर पेटणार नाही.

गॅसचा वास आला तर मात्र कोणतंही बटण चालू-बंद न करता सगळ्यांना बाहेर काढा, सिलिंडर बंद करा आणि लाइन जाणकाराकडून तपासून घ्या. इथे थोडंसुद्धा धाडस करू नये, असं मी अगदी कळकळीने सांगतो.

पहिल्या दिवशी वीज आणि गॅस दोन्ही एकदम लावू नयेत, असं माझं मत आहे. एकेकावर पाणी तापवून बघितलं की कशात बिघाड आहे ते लगेच कळतं.

सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय म्हणून तो बंद करणं

पाणी तापताना या व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकणं बऱ्याचदा साधं असतं. तापलेलं पाणी फुगतं, आणि त्याला जागा देणारा टाकीच्या माथ्यावरचा हवेचा कप्पा कालांतराने भरून जातो. तो परत मिळवता येतो. हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या, पंप आणि बाहेरचं पाणी बंद करा, एक गरम नळ उघडा, मग व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत धरा आणि सोडा. एवढं करूनही गळत राहिला तर व्हॉल्व्ह बदला. त्यात बूच मात्र कधीही मारू नका. दाब प्रमाणाबाहेर वाढला तर टाकी फुटण्यापासून वाचवणारा तोच आहे.

तापलेल्या टाकीचा ड्रेन प्लग खोलणं तितकंच घातक, उकळतं पाणी थेट अंगावर येतं. पाणी गार आणि दाब शून्य झाल्यावरच पाना लावा. सबर्बन कंपनीच्या हीटरसारख्या पोलादी टाकीत प्लगलाच अॅनोड रॉड जोडलेला असतो. तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो, म्हणून तीन-चतुर्थांश झिजला की बदलावा. अॅटवूड कंपनीच्या अॅल्युमिनियमच्या टाकीत तो नसतो आणि घालायचाही नसतो.

सगळं नीट करूनही पाणी कोमटच येत असेल तर हीटर उघडण्याआधी बाहेरच्या शॉवरकडे बघा. त्याचे गरम आणि थंड दोन्ही नळ उघडे ठेवून फक्त शॉवरच्या मुठीवरचं बटण बंद केलं असेल तर थंड पाणी तिथूनच गरम लाइनमध्ये मिसळतं. ते दोन नळ बंद करा आणि पाणी पुन्हा तपासा.