चार राहुल वळून बघतात, त्यातला स्टेजवरचा कोणता? स्टेज नेम कसं निवडायचं

नाव राहुल, पूजा किंवा अमोल असलं की शाळेपासूनच सवय होते, कुणी हाक मारली की चार जण वळणार आणि मग आडनावाने नाहीतर 'तो चष्मेवाला' म्हणून ओळख. तिथे चालून जातं. पण गाणं, अ‍ॅक्टिंग, स्टँडअप असलं काही सुरू केलं की खरी पंचाईत, कारण शो आवडलेला माणूस घरी जाऊन तुम्हाला शोधतो आणि त्याला त्याच नावाचे वकील, दातांचे डॉक्टर आणि बॉडीबिल्डर सापडतात, तुम्ही सोडून सगळे.

आधी बघा, नाव बदलायची खरंच गरज आहे का. ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडा (तिथे तुमची जुनी सर्च हिस्ट्री मध्ये येत नाही), पूर्ण नाव टाका आणि पुढे तुमचं काम लिहा, सिंगर, अ‍ॅक्टर जे असेल ते. नुसते डॉक्टर-वकील दिसले तर फार टेन्शन नाही, पण तुमच्याच फील्डमधला कुणी आधीच नाव कमावून बसला असेल तर सरळ बदला, त्याच्याशी भांडत बसू नका. ब्रिटन-अमेरिकेत तर कलाकारांच्या युनियनच एकाच नावाचे दोन मेंबर शक्यतो चालवून घेत नाहीत. हॉलिवूड अभिनेता मायकल कीटनचं खरं नाव मायकल डग्लस, पण त्या नावाचा दुसरा अभिनेता तिथे आधीच होता. आपल्याकडे कियारा अडवाणीचं नाव मुळात आलिया, पण 2014 मध्ये तिचा पहिला सिनेमा यायच्या आधीच आलिया भट्ट स्टार झालेली, मग झाली कियारा.

आता नाव आणायचं कुठून? माझं स्पष्ट मत, अर्धंच बदला. काहीतरी जबरदस्त, कॉस्मिक वगैरे नाव घेऊन लोक येतात आणि सहा महिन्यांनी त्यांनाच ते सांगताना लाज वाटते. घरातच शोधा, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, आजी ज्या नावाने हाक मारायची ते. हॉलिवूड अभिनेत्री ज्युलियन मूरचं खरं नाव ज्युली अ‍ॅन स्मिथ, म्हणजे तिकडचं अगदी घराघरातलं, तिने ज्युली आणि अ‍ॅन जोडून टाकलं आणि आडनावाच्या जागी वडिलांचं मधलं नाव मूर घेतलं, सगळं घरचंच पण ऐकायला एकदम नवीन. आणि आपले कृष्णाजी केशव दामले काय, वडील केशव म्हणून 'केशवसुत', एवढं सोपं!

नुसतं इनिशियल घालून भागेल का, तर कागदावर भागतं, कानाला नाही. अभिनेता मायकल जे. फॉक्समधला 'जे' फेमस झाला (त्याचं मधलं नाव अँड्र्यू आहे बरं का, तरी 'जे'), पण सूत्रसंचालक घाईत तुमचं इनिशियल हमखास गाळणार, म्हणजे परत तुम्ही चारातले एक राहुल.

दोन-तीन नावं हाताशी आली की फोन टेस्ट करा. ओळखीच्या कुणाला तरी नाव फोनवर एकदाच सांगा, स्पेलिंग न सांगता, आणि म्हणा आता सर्चमध्ये टाईप कर. चुकलं तर नाव बाद. एक्स्ट्रा ए, एसच्या जागी 5, असले प्रकार पोस्टरवर भारी दिसतात पण मग आयुष्यभर 'डबल ए बरं का' म्हणत बसायचं. मग कुणालातरी मागून त्या नावाने जोरात हाक मारायला सांगा, दोन-चार दिवसांत आपोआप मान वळायला लागली तर जमलं. (आईवर ही टेस्ट करू नका, ती बंड्याच म्हणणार.) छोटा, ज्युनियर, किड असलं काही जोडू नका, रॅपर लिल बो वावला मोठं झाल्यावर 'लिल' (म्हणजे छोटा) काढायला लागलं होतं.

नाव ठरलं की कुणालाही सांगायच्या आधी सोशल मीडियावरची सगळीकडची हँडल्स (म्हणजे अकाउंटची नावं) त्याच दिवशी घेऊन टाका, ट्रेडमार्क आहे का तेही बघा. गाणी रिलीज करणार असाल तर अपलोड करताना 'नवीन आर्टिस्ट' हाच पर्याय निवडा, नाहीतर तुमचं गाणं त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या पेजवर जाऊन बसतं आणि ते तिथून हलवायला ईमेलवर ईमेल. गीतकार-संगीतकार असाल तर रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे खऱ्या नावासोबत हे टोपणनावही नोंदवा, पैशांचा प्रश्न आहे.

कायदेशीर नाव बदलायची काही गरज नसते. बँक, टॅक्स, कॉन्ट्रॅक्ट सगळं जुन्याच नावाने, कॉन्ट्रॅक्टमध्ये फक्त 'उर्फ' लिहून स्टेज नेम टाकायला सांगा आणि पोस्टरवर कोणतं नाव छापायचं तेही त्यातच लिहून घ्या, नाहीतर ऐनवेळी आयोजक चेकवरचं नाव बघून तेच बॅनरवर लावतात.