रॅम्प आहे, पण टॉयलेटला कुलूप: दिव्यांग सहकाऱ्यांच्या सोयी करताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये व्हीलचेअर वापरणारी एक मुलगी रुजू झाली. मी एचआरमध्ये, त्यामुळे तिच्या जॉइनिंगची जबाबदारी माझ्याकडे होती. गेटपासून लिफ्टपर्यंत रॅम्प होता, लिफ्टचं दार रुंद होतं, तिच्या उंचीचं टेबल आधीच लावून ठेवलं होतं. सगळं झालं असं मी धरून चालले. तीन आठवड्यांनी लक्षात आलं, की ती ऑफिसात पाणीच पीत नाही. चहाला हाक मारली की "नको, आत्ताच झाला" म्हणायची.

आमच्या मजल्यावर दिव्यांगांसाठी टॉयलेट होतं, पण त्याला कुलूप आणि किल्ली तळमजल्यावर सिक्युरिटीकडे. उघडून पाहिलं तर आत मॉप, बादल्या, टिश्यूच्या पेट्या आणि एक मोडकी खुर्ची. हाउसकीपिंगच्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, रिकामंच असायचं ना, म्हणून सामान ठेवलं." मावशींना काय बोलणार? सामान ठेवायला त्यांना दुसरी जागा कुणी दिलीच नव्हती. आणि ती मुलगी सकाळी सातला अर्धा कप चहा घेऊन निघायची, ते रात्री आठला घरी पोचल्यावर पाणी प्यायची. तिला दोनदा युरिन इन्फेक्शन झालं होतं. त्या रजा मीच 'सिक लीव्ह' म्हणून मंजूर केल्या होत्या.

मोठ्या कंपन्यांत सोयी बहुतेकदा अशाच अडतात. कुणाच्या मनात वाईट नसतं. एकच सोय अॅडमिन, आयटी, सिक्युरिटी, पेरोल, ट्रान्सपोर्ट अशा पाच खात्यांतून फिरते, आणि ती ज्याच्यासाठी आहे त्याला मात्र कुणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांत मी केलेल्या आणि डोळ्यांसमोर घडलेल्या चुका इथे लिहिते आहे.

न विचारता ठरवून टाकणं

ही बाकीच्या सगळ्या चुकांची आई. एक दृष्टिहीन सहकारी येणार म्हटल्यावर आमच्याकडे कुणीतरी उत्साहाने लिफ्टपासून ब्रेलच्या पाट्या लावल्या. त्याची दृष्टी वयाच्या पंचविशीत गेली होती, ब्रेल तो कधी शिकलाच नव्हता. पाट्या असू द्यात, त्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील. पण त्याला हवं होतं ते लॅपटॉपवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि पहिले दोन दिवस जागा ओळखीची करून द्यायला सोबत कुणीतरी. अंशतः अंध असलेल्या एका सहकारी बाईंना तर यातलं काहीच नको होतं. खिडकीची तिरीप स्क्रीनवर पडणार नाही अशी जागा आणि मोठा मॉनिटर मिळाला, की त्यांचं काम भागत होतं.

"तुम्हाला नेमकं काय झालंय?" हा प्रश्न विचारू नका. "हे काम करताना कुठे अडतं, आणि काय केलं तर अडणार नाही?" असं विचारा. ऑफर लेटरसोबत जाणाऱ्या फॉर्ममध्ये हा प्रश्न प्रत्येकाला विचारला, तर कुणाला वेगळं काढल्यासारखंही होत नाही. मुलाखतीच्या आधीही तो विचारायला हवा. लेखी चाचणीला जादा वेळ किंवा लेखनिक लागणारा उमेदवार आयत्या वेळी सांगायला कचरतो.

लॅपटॉप दिला, की झालं असं समजणं

दृष्टिहीन सहकाऱ्याचा पहिला दिवस आठवतो. लॅपटॉप वेळेवर मिळाला, स्क्रीन रीडर मात्र नव्हता. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरचा परवाना विकत घ्यावा लागतो, पण अडचण पैशांची नव्हतीच. कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतः काही इन्स्टॉल करता येत नाही. आयटीकडे विनंतीचं तिकीट टाका, सिक्युरिटी टीमची मंजुरी घ्या, मग परवानगी असलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत नाव चढवा. यात सतरा दिवस गेले. सतरा दिवस एक शिकलेला माणूस हात बांधून बसला आणि टीममध्ये कुजबुज सुरू झाली, की "याला काम देणार तरी काय?"

स्क्रीन रीडर आल्यावर पुढची भिंत लागली. रजेच्या पोर्टलवर त्याने हेडफोनचा एक कान मला दिला. आवाज येत होता: "बटण. बटण. बटण. ग्राफिक. बटण." यातलं कुठलं 'सबमिट' आणि कुठलं 'कॅन्सल', हे कळायला काहीच मार्ग नव्हता, कारण बटणांना नावंच दिलेली नव्हती. सगळ्यांना सक्तीचा असलेला माहिती-सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स तर माउसने चौकोन ओढून जागेवर बसवल्याशिवाय पुढेच जायचा नाही. तो पूर्ण झाला नाही म्हणून त्याच्या मॅनेजरला लाल अक्षरांत आठवणीचा मेल गेला. आमचा कोर्स त्याला उघडत नव्हता आणि ठपका त्याच्यावर!

तुमच्या पोर्टलची परीक्षा अर्ध्या तासात घेता येते. माउस बाजूला ठेवा, फक्त टॅब आणि एंटर वापरून रजेचा अर्ज भरून दाखवा. मग एनव्हीडीए चालू करा, स्क्रीन बंद करा आणि पगाराची स्लिप उघडा. जिथे तुम्ही अडाल, तिथे दृष्टिहीन सहकारी रोज अडतो. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा आणि सही-शिक्क्यासह स्कॅन केलेलं पीडीएफ परिपत्रक ही नेहमीची दोन दुखणी. स्कॅन म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोरा कागद. परिपत्रकाचा मजकूर मेलमध्येही टाकला तर प्रश्न मिटतो. नवं सॉफ्टवेअर विकत घेतानाच करारात सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांनाही ते वापरता येण्याची, अट घाला, कारण एकदा पैसे चुकते झाल्यावर व्हेंडर फोनही उचलत नाही. आणि स्क्रीन रीडरची मंजुरी उमेदवाराने ऑफर स्वीकारली त्या दिवशी सुरू करा, तो रुजू होईल त्या दिवशी नव्हे.

खर्च टीमच्या माथी मारणं

खुर्ची, सॉफ्टवेअर, दुभाषी यांचा खर्च मॅनेजरच्या बजेटमधून गेला, की तो टाळाटाळ करतोच; त्याच्या आकड्यांना फटका बसत असतो. पुढच्या मुलाखतीत दिव्यांग उमेदवार समोर आला की हाच हिशेब त्याच्या मनात येतो, मग तो तोंडाने बोलो वा न बोलो. हा खर्च कंपनीच्या एकाच मध्यवर्ती खात्यातून करा. आकड्यांची भीतीही जरा जास्तच असते. अमेरिकेतली जॉब अॅकोमोडेशन नेटवर्क ही अशा सोयींबद्दल सल्ला देणारी संस्था कंपन्यांना याबाबत वर्षानुवर्षं विचारत आली आहे, आणि सुमारे निम्म्या सोयींना काहीच खर्च आला नाही असं त्यांना कळलं. जागा बदलणं, शिफ्ट बदलणं, सूचना तोंडी देण्याऐवजी लिहून देणं, याला पैसे कुठे पडतात?

मीटिंगमध्ये "नंतर सांगतो"

कर्णबधिर सहकारी असलेल्या टीममध्ये हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. सगळे हसले, त्याने विचारलं काय झालं, उत्तर "काही नाही, नंतर सांगतो." ते 'नंतर' कधी येतच नाही. ऑनलाइन मीटिंगला कॅप्शन लावतात खरी, पण आपल्या मीटिंगा अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या मराठी-हिंदीत चालतात; भाषा बदलली की इंग्रजी कॅप्शनचा चिवडा होतो. तेव्हा निर्णयाचा भाग एकाच भाषेत बोला, एका वेळी एकानेच बोला, आणि काय ठरलं ते तिथल्या तिथे चॅटमध्ये लिहा. मोठ्या सत्राला सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा. तास-दोन तासांचं सत्र असेल तर दोघे, कारण एकटा माणूस इतका वेळ हात आणि डोकं चालवून थकतो.

आणखी एक. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. तीच ज्याची पहिली भाषा, त्याचं लेखी इंग्रजी तुमच्यासारखं नसेल. अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन कमजोर' असा शेरा मारण्याआधी त्याचं काम पाहा.

दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मानणं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात मानसिक आजार, ऑटिझम, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही येतात. गडचिरोली, नंदुरबारकडून पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्या मुलांत सिकलसेलचे रुग्ण असतात. बाहेरून धडधाकट दिसणारा असा मुलगा एसीच्या झोताखाली बसतो, रात्रपाळीत पाणी प्यायचं विसरतो, आणि मग हाडं फोडणाऱ्या वेदनांनी चार दिवस अंथरुणाला खिळतो. थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं, दोन्ही त्याला घातक. एसीपासून दूर जागा, ठरलेली दिवसपाळी, त्रास सुरू झाला की घरून काम, एवढ्यावर त्याची नोकरी टिकते.

अशा वेळी एचआर लगेच दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागतं आणि त्यावरचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली असेल तर हात वर करतं. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही आणि सोय ही त्या त्या माणसाची गरज बघून ठरवायची असते, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रविंदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात, मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्यावर आजारातून घडलेल्या वागण्यासाठी शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभावाचा भाग ठरू शकतो, हेही न्यायालयाने सांगितलं. मेमो काढण्याआधी हे आठवा.

आणि विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवा. एका सहकाऱ्याने डिप्रेशनच्या उपचारांबद्दल फक्त मॅनेजरला सांगितलं होतं. सकाळच्या हडलमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये, मॅनेजर म्हणाला, "याला जरा सांभाळून घ्या रे." हेतू चांगला होता, पण त्या दिवसानंतर त्याच्याशी कुणी मोकळेपणी भांडलंसुद्धा नाही. चार महिन्यांत त्याने राजीनामा दिला. टीमला "त्याची वेळ अकरा ते आठ आहे" एवढं सांगितलं तरी पुरतं, कारण सांगायची गरज नसते.

फायर ड्रिलमध्ये "तुम्ही जागेवरच थांबा"

ड्रिलच्या दिवशी सगळे जिने उतरून खाली जातात आणि व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्याला फ्लोअर मार्शल वरच थांबायला सांगतो. ड्रिल यशस्वी, फोटो काढले. खरी आग लागली तर? त्या दिवशी लिफ्ट बंदच असणार. प्रत्येक शिफ्टमध्ये ठरलेले दोन सोबती, जिन्यावरून उतरवायची इव्हॅक्युएशन चेअर, ती वापरायचा सराव आणि रेफ्युज एरियात (आगीच्या वेळी थांबायच्या सुरक्षित जागेत) कुणी न्यायचं हे लेखी हवं. सायरन ऐकू न येणाऱ्यांसाठी लुकलुकणारे दिवे, टॉयलेटमध्येसुद्धा.

कॅबचंही असंच. व्हेंडर सीएनजीची गाडी पाठवतो, डिकीत सिलिंडर, व्हीलचेअर ठेवायची कुठे? रात्री अकराला गेटवर हा प्रश्न सोडवायला लावू नका. गाडीचा प्रकार बुकिंगमध्येच नोंदवा.

धोरण दुसऱ्याचं, नाव आपलं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार खासगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुण्यात आहे. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर योग्य पदांची यादी, निवड, प्रशिक्षण, विशेष रजा, सहाय्यक उपकरणं आणि संपर्क अधिकारी, हे सगळं त्यात हवं. मी एक धोरण असं पाहिलं आहे, की ज्याच्या चौथ्या पानावर दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं. संपर्क अधिकाऱ्याला आपण संपर्क अधिकारी आहोत हेच ठाऊक नव्हतं. वाजवी सोय नाकारणं हा या कायद्यात भेदभावच आहे, आणि कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, पुढे ५० हजार ते ५ लाख रुपये दंड आहे. सरकारी आस्थापनांतलं ४ टक्के आरक्षण खासगी कंपन्यांना लागू नाही, एवढ्यावरून "आम्हाला हा कायदाच नाही" असं समजणारे लोक भेटतात. त्यांना कलम २१ वाचायला द्या.

पेरोलवाल्यांसाठी छोटीशी तपासणी: ४० टक्के किंवा अधिक कायमचं अपंगत्व असलेल्यांना महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. तो दर महिन्याला कापला तर जात नाही ना, ते पाहा.

माया दाखवून काम काढून घेणं

"अवघड प्रोजेक्ट नको द्यायला, उगाच ताण येईल." मग तीन वर्षं तेच सोपं काम, आणि बढतीच्या वेळी "मोठा अनुभव नाही." क्लायंटकडे जायचं का, हे त्या व्यक्तीला ठरवू द्या. सोय मिळाल्यावर कामाची अपेक्षा सगळ्यांना तीच ठेवा.

मॅनेजर बदलला, की सोय गेली

तोंडी दिलेली सोय देणाऱ्या माणसासोबत जाते. म्हणून एक पान लिहा: काय सोय, कोण करणार, कधीपर्यंत, आणि मॅनेजर, मजला किंवा इमारत बदलली तरी ती चालू राहील. दोघांच्या सह्या घ्या. महिन्याने पुन्हा भेटा आणि "चाललंय का?" एवढंच विचारा. मी त्या मुलीला पहिल्या महिन्यात हे विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी आमचा मजला बदलला. सामान हलायच्या आधी तिला घेऊन नवी जागा पाहिली. टॉयलेट रिकामं होतं, कुलूप नव्हतं, हाताला धरायचे बार होते. ती खुर्ची घेऊन आत गेली आणि आतूनच म्हणाली, "मॅडम, दार लावून दाखवा." दार आत उघडणारं होतं, खुर्ची आत असताना ते बंदच होईना. सुताराने दोन दिवसांत दार बाहेर उघडणारं करून दिलं. मॉप-बादल्यांसाठी जिन्यापाशी एक कपाट केलं, त्याची किल्ली मावशींकडे आहे.