आर्चवर सर्व्हर चालवताय? अपग्रेडच्या या चुका टाळा

आर्च लिनक्स या सतत ताज्या होत राहणाऱ्या लिनक्स प्रणालीचा सर्व्हर नीट चालतो. तो बिघडतो तो बहुतेक वेळा ठरलेल्या तीन-चार चुकांमुळे, आणि घाईत असलेली मंडळी त्या जवळपास ठरलेल्या क्रमानेच करतात.

सगळ्यांत जुनी चूक ‘एकच पॅकेज हवंय’वाल्यांची. पूर्ण अपग्रेडला वेळ नसतो, म्हणून ‘पॅकमन -एसवाय एनजिनएक्स’ ठोकून मोकळे (पॅकमन म्हणजे आर्चचं पॅकेजं बसवायचं साधन, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर). ‘वाय’मुळे पॅकेजांची यादी ताजी होते, पण यंत्रावरच्या लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) जुन्याच राहतात. नवं पॅकेज नवं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ओढून आणतं आणि जुन्यावर उभे असलेले प्रोग्रॅम ‘शेअर्ड लायब्ररी सापडत नाही’ म्हणत आडवे होतात. कधी खुद्द पॅकमनच आडवा होतो, म्हणजे दुरुस्तीचं हत्यारही गेलं. याला पार्शल अपग्रेड म्हणतात आणि आर्च त्याची जबाबदारी घेत नाही. यादी ताजी केली की ‘-एसवाययू’, म्हणजे पूर्ण अपग्रेड, करायचंच. नुसतं काय आलंय ते बघायचं असेल तर पॅकमन-कॉन्ट्रिबमधलं ‘चेकअपडेट्स’ आहे. ते यादीच्या वेगळ्या प्रतीवर काम करतं.

पॅकमनच्या ‘इग्नोअर-पीकेजी’त (अपग्रेड न करायच्या पॅकेजांच्या यादीत) पंधरा नावं टाकून विसरून जाणं हेही पार्शल अपग्रेडच, फक्त सावकाश होणारं. पोस्टग्रेस या डेटाबेसचा अपवाद रास्त आहे. आवृत्ती १७ ची १८ झाली की जुनी डेटा डिरेक्टरी उघडतच नाही, सर्व्हिस सुरू व्हायला नकार देते. म्हणून पोस्टग्रेस आणि त्याच्या लायब्रऱ्यांच्या ‘लिब्ज’ पॅकेजला रोखून ठेवा, पण आठवडा-दोन आठवडे, वर्षभर नव्हे. मागे ठेवलेलं पोस्टग्रेस जुन्या आयसीयू (भाषा-लिपी हाताळणाऱ्या) लायब्ररीशी बांधलेलं असतं. ती बदलली की पॅकमन दर वेळी अडवेलच असं नाही. शिवाय रेपोत (आर्चच्या पॅकेज-भांडारात) १८ आलं की १७ च्या सुरक्षा दुरुस्त्या तिथून मिळणं बंद.

नव्या आवृत्तीवर हलवताना आधी ‘पीजी-डंपऑल’ने सगळ्या डेटाची प्रत, मग सर्व्हिस बंद, मग अपग्रेड. जुनी डिरेक्टरी ‘ओल्डडेटा’ नावाने बाजूला, नव्या जागी जुन्याच लोकेल आणि एन्कोडिंगने ‘इनिटडीबी’ करून नवी रिकामी डिरेक्टरी, मग ‘पीजी-अपग्रेड’ने जुना डेटा तिच्यात. जुन्या आवृत्तीचे बायनरी (चालवायच्या फाइली) ‘पोस्टग्रेस्क्यूएल-ओल्ड-अपग्रेड’ पॅकेजातून मिळतात, पण फक्त लगतच्या मागच्या आवृत्तीचे. दोन पायऱ्या मागे राहिलात तर त्याचा उपयोग नाही. आणखी एक खोच: १८ चं ‘इनिटडीबी’ चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायच्या खुणा) आपोआप चालू करतं. जुन्या डेटात ते नसतील तर ‘--नो-डेटा-चेकसम्स’ द्या, नाहीतर ‘पीजी-अपग्रेड’ तपासणीतच थांबेल.

आर्चच्या मुख्य पानावरच्या बातम्या न वाचता अपग्रेड करण्याबद्दल कितीही बोललं तरी कमीच. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं साधन) ९.८पी१ आलं, एका गंभीर त्रुटीवरचा उपाय घेऊन, त्यामुळे सगळ्यांनी धावतपळत लावलं. या आवृत्तीत एसएसएचडीचे (त्याच्या सर्व्हर-बाजूच्या प्रोग्रॅमचे) तुकडे झाले होते: ऐकणारा वेगळा, सेशन सांभाळणारा वेगळा. मेमरीत चालू असलेला जुना डिमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) प्रत्येक नव्या जोडणीसाठी डिस्कवरची फाइल पुन्हा चालवायचा, आणि तिथे आता नवी फाइल होती, जी त्याची भाषा ओळखत नव्हती. चालू सेशन शाबूत, नवं लॉगिन बंद. अपग्रेड संपलं, सगळं छान दिसलं, टर्मिनल बंद केलं, की बसा होस्टिंगवाल्याचा कन्सोल शोधत. आर्चच्या मुख्य पानावर १ जुलैलाच स्पष्ट लिहिलं होतं: अपग्रेड झाल्या झाल्या ‘सिस्टमसीटीएल ट्राय-रीस्टार्ट एसएसएचडी’ करा. दोन ओळी वाचायचा कंटाळा महागात पडतो तो असा.

म्हणून अपग्रेड टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी सेशन चालू ठेवणारं साधन), आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन होतंय हे पाहिल्याशिवाय पहिली खिडकी मिटायची नाही. ‘--नोकन्फर्म’ (काही न विचारता पुढे जा) लावून क्रॉनवर (वेळापत्रकाने आपोआप चालणाऱ्या कामांवर) अपग्रेड सोडणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही.

कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलला की रीबूट करा. चालू असलेल्या जुन्या कर्नलची मॉड्यूलं (गरजेनुसार जोडायचे तुकडे) डिस्कवरून गेलेली असतात, मग वायरगार्ड (व्हीपीएन) ऐनवेळी लोड होत नाही. सर्व्हरवर ‘लिनक्स-एलटीएस’ (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारा कर्नल) बरा.

‘.पॅकन्यू’ फाइली (अपग्रेडसोबत आलेल्या नव्या सेटिंग्ज) दर वेळी ‘पॅकडिफ’ने निपटा.

‘-एससीसी’ने कॅश (डाउनलोड केलेल्या पॅकेजांचा साठा) पुसू नका. मागे जायचं तर ‘पॅकमन -यू’ला जुनं पॅकेज तिथूनच मिळतं. ‘पॅककॅश -आर’ शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवतं, तेवढ्या पुरतात.

ज्यांना खरंच लगाम हवा त्यांनी पॅकेज नाही, तारीख गोठवावी. मिररलिस्टमध्ये (पॅकेजं कुठून आणायची त्या पत्त्यांच्या यादीत) आर्च लिनक्स अर्काइव्हचा (जुन्या पॅकेजांच्या साठ्याचा) वर्ष/महिना/दिवस असलेला पत्ता टाका, चाचणीच्या यंत्रावर ‘-एसवाययू’ करा, आठवडाभर बघा, मग तीच तारीख खऱ्या सर्व्हरवर लावा. मागची तारीख लावायची तर ‘-एसवायवाययूयू’, म्हणजे डाउनग्रेडही होतं. बऱ्याच महिन्यांनी अपग्रेड करत असाल तर पॅकेजांच्या डिजिटल सह्या पडताळताना चुका येतील. त्यासाठी आधी ‘-एसवाय आर्चलिनक्स-कीरिंग’ आणि लागलीच ‘-एसयू’. ‘-एसवाय’ला एवढीच एक मुभा.