पावडरचा ज्वलनवेग आणि केसची क्षमता: या चुका टाळा

रायफलची काडतुसे स्वतः भरणारा माणूस डबा हातात घेतला की पहिला प्रश्न विचारतो, ही पावडर जलद की मंद? हा प्रश्न अर्धवट आहे. धूरविरहित पावडर दाब वाढेल तशी अधिक वेगाने जळते, आणि दाब किती वाढेल हे केसच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, पोटात किती जागा आहे, गोळी किती जड आहे आणि नळीचा बोअर, म्हणजे आतली पोकळी, किती रुंद आहे यांवर ठरते. म्हणून एकाच डब्यातील पावडर एका काडतुसात अगदी योग्य ठरते आणि दुसऱ्यात धोकादायक.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे केवळ केसची क्षमता पाहून पावडर निवडणे. ३०८ विंचेस्टर आणि २४३ विंचेस्टर ही दोन काडतुसे पाहा. २४३ ची केस ३०८ च्याच केसचा गळा अरुंद करून बनवलेली आहे, आणि आत मावणाऱ्या पाण्याच्या वजनाने मोजली, तर ३०८ ची क्षमता सुमारे ५६ आणि २४३ ची ५४ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक), म्हणजे जवळजवळ सारखीच भरते. मात्र २४३ च्या बोअरचे क्षेत्रफळ ३०८ च्या तुलनेत जेमतेम ६२ टक्के आहे. गोळी एक सेंटिमीटर पुढे सरकली की तिच्यामागे वायूला मिळणारी नवी जागा त्याच प्रमाणात कमी पडते. ३०८ मध्ये छान चालणारी मध्यम वेगाची पावडर तितक्याच वजनाने येथे वापरली, तर दाब फार लवकर शिखर गाठतो. म्हणूनच २४३ मध्ये जड गोळ्यांसाठी ४३५० या क्रमांकाच्या वर्गातील मंद पावडर लागते. एकाच केसमध्ये गोळी जड होत गेली, तरी निवड मंद पावडरकडेच सरकते. क्षमता आणि बोअर यांचे गुणोत्तर पाहण्याची सवय लावून घेतली, तर पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी चूक ज्वलनवेगाच्या तक्त्याविषयीची, म्हणजे पावडरी जलद ते मंद अशा लावलेल्या यादीविषयीची आहे. हा तक्ता फक्त क्रम सांगतो. दोन शेजारच्या ओळींमधील अंतर किती, हे तो सांगत नाही, आणि वेगवेगळ्या उत्पादकांच्या तक्त्यांत हा क्रमही बदललेला दिसतो. त्यामुळे ‘शेजारचीच तर आहे’ म्हणून एका पावडरचे वजन दुसरीला लावणे अत्यंत धोक्याचे आहे. नावातील आकडा सारखा असला, तरीही तेच: होजडन या ब्रँडची ४३५० आणि आयएमआर या ब्रँडची ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत व त्यांची भरण-माहिती, म्हणजे किती वजन भरावे याचे प्रकाशित आकडे, वेगळीच वाचावी लागते. नळी आखूड आहे म्हणून जलद पावडर घ्यावी, हा समजही टिकत नाही. लांब नळीत सर्वाधिक वेग देणारी पावडर बहुधा आखूड नळीतही तोच मान राखते.

निवड चुकल्याची लक्षणे झाडलेल्या केसवर दिसतात. लहान केसमध्ये फार मंद पावडर भरली, तर पुरेसा दाब तयार होत नाही, केसचा गळा चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाला, घट्ट बसत नाही आणि वायू मागे येऊन गळ्यावर, कधी त्याखालच्या उतारापर्यंत (केसच्या खांद्यापर्यंत) काजळी धरतो. नळीत न जळलेले कण सापडतात आणि वेगमापकावर एका गोळीचा वेग दुसऱ्याशी जुळत नाही. येथे केस आधीच काठोकाठ भरलेली असते, तेव्हा पावडर दाबून कोंबण्याऐवजी थोडी जलद पावडर घ्यावी आणि तिच्या प्रकाशित माहितीतील आरंभीच्या वजनापासून चढत जावे. उलट, मोठ्या केसमध्ये जलद पावडर भरली की केस अर्धी रिकामी राहते, आणि नजरचुकीने दुप्पट पावडर पडली तरी ती सहज मावते. केस ओसंडत नाही, म्हणून चूक कळतही नाही. भरलेल्या प्रत्येक केसमध्ये विजेरीचा उजेड टाकून पाहिल्याशिवाय गोळी बसवू नये. मोठ्या केसमध्ये मंद पावडर किमान वजनापेक्षा कमी भरणे हेही सुरक्षित नाही, कारण अशा भरणीत दाब अनपेक्षितपणे उसळल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

शेवटची चूक केस बदलताना होते. ७.६२ मिमी लष्करी केसच्या भिंती बहुधा जाड असतात, त्यामुळे बाहेरून ३०८ सारख्याच दिसणाऱ्या केसमध्ये जागा कमी असते आणि तेवढ्याच पावडरीने दाब वाढतो. हे घरी मोजता येते. आपल्याच रायफलमधून झाडलेली केस वापरलेल्या प्रायमरसह (बुडाशी बसवलेल्या, पावडर पेटवणाऱ्या टोपीसह) तोलावी, तोंडापर्यंत पाणी भरावे, बुडबुडे टिचकी मारून काढावेत, पाण्याची पातळी तोंडाशी सपाट आहे याची खात्री करावी आणि पुन्हा तोलावे. दोन वजनांतील फरक म्हणजे क्षमता. पाच-सहा केसांची सरासरी घ्यावी, आणि ती जुन्या केसांपेक्षा कमी आली, तर पूर्वीचे वजन सोडून पुन्हा आरंभीच्या वजनापासून सुरुवात करावी.